कच्चा नकाशा

टेपचं शून्याकडचं टोक माझ्या हातात होतं आणि जमादार विहिरीच्या कठड्याशी उकिडवे बसून आकडा वाचत होते. डिसेंबर २०११ मधली सकाळ. मूर्तिजापूर तालुक्यातलं पूर्णाकाठचं एक गाव. रात्री कुणीतरी एका घराची कवेलू उतरवून आत शिरलं होतं आणि कापसाचे पैसे ठेवलेली पत्र्याची पेटी फोडून गेलं होतं. मी त्या गावच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. गावातच राहणारा, कुणाच्या भांडणात नसलेला माणूस म्हणून मला पंच केलं होतं. ‘सर, दोन सह्यांचं काम आहे’ असा निरोप आला होता. त्या दोन सह्यांना दीड तास लागला, आणि त्या दीड तासात मी चित्रकलेबद्दल जे शिकलो ते त्याआधीच्या पंधरा वर्षांत शिकलो नव्हतो.

जमादारांनी आल्याबरोबर काहीच केलं नाही. अंगणाच्या कडेला उभे राहून नुसतं पाहत राहिले. मग घरमालकाच्या म्हातारीला विचारलं, ‘माय, सूर्य कोण्या बाजूनं निघते?’ तिने हात केला तशी वहीच्या दुमडलेल्या ताव कागदावर वर एक बाण काढला आणि शेंड्याशी ‘उ’ लिहिलं. त्यानंतर घराची चौकट, न्हाणी, कोठा, सांदीतला बोळ. मग टेप. भिंत किती फूट, दाराची फळी किती, दारापासून पेटी किती लांब, खाली पडलेलं कवेलू कुठल्या कोपऱ्यापासून किती. प्रत्येक वस्तूला आकडा, आणि कागदाच्या खालच्या बाजूला त्या आकड्यांची यादी.

घरमालक अस्वस्थ होता. तो न्हाणीच्या भिंतीकडे बोट दाखवत म्हणाला, ‘साहेब, तो इकून आला. तिथं बाण काढा नं.’

जमादार मान वर न करता म्हणाले, ‘भाऊ, मी तुमचा चोर पाह्यला काय? मी पाह्यलं हे कवेलू. मी तेवढंच काढतो. तुमचं म्हणणं तुमच्या जबाबात घेतो, बिनघोर राहा.’

त्या वेळी हे मला तुसडेपणाचं वाटलं. माणसाचे वर्षभराचे पैसे गेलेत आणि याला एक बाण काढायला जड जातंय! पण त्या नकारामागे आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल उभा आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्याकडे येतोच.

महाराष्ट्रात ज्याने शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत त्याला दोन शब्द आठवत असतील: वस्तुचित्र आणि स्मरणचित्र. वस्तुचित्रात समोर टेबलावर बादली, कांदे, एखादी किटली मांडलेली असते, आणि आपल्या जागेवरून जे दिसतं तेच काढायचं असतं. बादलीचा दांडा मागच्या बाजूला आहे हे माहीत असलं तरी तो दिसत नसेल तर काढायचा नाही. स्मरणचित्रात बाजार, पोळा, बसथांबा असा विषय मिळतो आणि डोक्यात असेल ते कागदावर उतरवायचं. मुलांना दुसरा पेपर आवडतो. पहिल्यात ती फसतात, कारण माहीत असलेलं काढायचा मोह त्यांना आवरत नाही. तोंडाकडून पाहिलेल्या बादलीचा तळ सपाट रेषेने काढणारा मुलगा दर वर्षी भेटतो. तळ सपाट असतो हे त्याला ठाऊक असतं ना!

जमादार त्या सकाळी वस्तुचित्र काढत होते. घरमालक त्यांना स्मरणचित्र काढायला सांगत होता.

पोलिसांचं ‘स्केच’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चेहरा येतो. वर्तमानपत्रांमुळे ते साहजिकही आहे. मुंबईचे नितीन यादव स्वतः चित्रकला शिक्षक. साक्षीदारांशी बोलून संशयितांचे चेहरे काढण्याचं त्यांचं काम २०१३ च्या शक्ती मिल प्रकरणानंतर घराघरांत पोचलं. ते काम मोठंच आहे, पण ते दुसऱ्याच्या स्मरणातून काढलेलं चित्र आहे. घटनास्थळाचा नकाशा ही वेगळीच जात. त्यात माणूस नसतो, त्याच्या हातून हललेल्या वस्तू असतात. तो ठाण्याच्या कुठल्या तरी हवालदाराने किंवा फौजदाराने काढलेला असतो, त्यावर काढणाऱ्याचं कौतुक कधीच होत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक गंभीर खटल्याच्या कागदांत तो कुठेतरी टाचलेला असतो. मोठा गुन्हा असेल तर पुढे मंडळ अधिकारी किंवा भूमी अभिलेखचा भूकरमापक येऊन शिस्तीत नकाशा काढून देतो. पण पहिल्या तासाचा तो कच्चा नकाशाच असतो. उत्तरेकडे त्याला ‘नक्शा नजरी’ म्हणतात, म्हणजे नजरेने काढलेला. आपल्याकडे ‘घटनास्थळाचा कच्चा नकाशा’. ‘कच्चा’ या शब्दाने त्याचं मोल कमी झालंय असं मला नेहमी वाटत आलं आहे.

या कामाचा पाया घालणाऱ्यांत ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराचे हान्स ग्रोस यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. ते तपास करणारे न्यायाधीश होते. १८९३ मध्ये त्यांनी तपासावर जर्मन भाषेत जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि त्याचं इंग्रजी रूप पहिल्यांदा लंडनमध्ये निघालं नाही, तर मद्रासमध्ये निघालं. मद्रासचे सरकारी वकील जॉन अ‍ॅडम आणि जे. कॉलियर अ‍ॅडम यांनी १९०६ मध्ये ते भारतातल्या पोलिसांसाठी आणि मॅजिस्ट्रेटांसाठी अनुवादून, इथल्या परिस्थितीला जुळवून छापलं. त्यात चित्रांसाठी, नकाशांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे हिंदुस्थानातल्या पोलिसाने घटनास्थळ रेखाटावं हा विचार आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षं छापील रूपात आहे. याच सुमारास पॅरिसच्या पोलीस खात्यात आल्फोन्स बर्तियों घटनास्थळाचे फोटो मोजपट्टीसह घेऊ लागले होते. कॅमेरा हाती आल्याबरोबर त्यांना पहिली अडचण जाणवली ती हीच, की फोटोत सगळं दिसतं, पण काय किती लांब आहे ते कळत नाही.

आता तो निकाल. तोरी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य, १९६२ च्या निकालसंग्रहात छापलेला. खून झाला त्या जागेचा नकाशा फौजदाराने काढला होता आणि मयत माणूस गोळी लागली तेव्हा कुठे होता याची खूण त्यात केली होती. बचावाच्या वकिलांनी ती खूण धरली. म्हणाले, माणूस या जागी असता तर साक्षीदार सांगतात तिथून झाडलेली गोळी त्याला अशी लागलीच नसती. युक्तिवाद बिनतोड वाटतो. न्यायालयाने विचारलं, ही खूण फौजदाराने कशावरून केली? तो तर तेव्हा तिथे नव्हता. साक्षीदारांनी सांगितलं म्हणून केली. मग ती खूण म्हणजे साक्षीदाराने पोलिसाला दिलेला जबाबच झाला, फक्त शब्दांऐवजी रेघेत दिलेला. आणि तपासात पोलिसापुढे दिलेला जबाब पुरावा म्हणून वापरता येत नाही, असं तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६२ सांगत होतं. आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १८१ आहे. फौजदाराने स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं, रक्ताचा डाग, काडतुसाची पुंगळी, तुटलेली कडी, ते नकाशात दाखवलं तर चालेल. ऐकलेलं दाखवलं तर त्या खुणेला किंमत नाही. हा विचार न्यायालयाला त्याच दिवशी सुचला असंही नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९२६ मध्येच असे नकाशे ज्युरीपुढे ठेवण्यावर हरकत घेतली होती.

मला हा निकाल वाचताना अंगावर काटा आला. कायद्याने वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांच्यामधली रेघ इतकी स्वच्छ ओढली आहे की कुठल्याही कलाशिक्षकाने ती वर्गात फळ्यावर लिहावी. आमचे जमादार तो निकाल वाचून आले होते का, मला ठाऊक नाही. पण ती रेघ त्यांच्या हातात होती.

त्या रात्री मी घरी येऊन जेवणाआधी माझ्या चित्रवहीत तोच नकाशा काढला. सगळं ताजं होतं. पेन्सिल टोकदार केली, पट्टी घेतली, आणि जमादारांच्या वेड्यावाकड्या रेघांपेक्षा कितीतरी देखणा नकाशा तयार केला. कवेलूंची नक्षीसुद्धा काढली.

साक्षीला बोलावणं आलं २०१६ मध्ये, पाच वर्षांनी. आदल्या रात्री मी ती वही काढली, नकाशा नीट पाहून घेतला आणि निर्धास्त झोपलो. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवला, सही माझीच का विचारलं, मजकूर बरोबर का विचारलं, मी हो म्हणालो. उलटतपासणी सुरू झाली. बचावाचे वकील तरुण होते, शांत बोलत होते.

‘सर, ज्या खोलीत पेटी होती तिचं दार कुठे उघडत होतं? आत की बाहेर?’

मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, ‘बाहेर. अंगणात.’ माझ्या वहीत तसंच होतं.

त्यांनी पंचनाम्याला जोडलेला नकाशा माझ्यापुढे धरला. निशाणी पडलेला, घड्या उसवलेला तो ताव. ‘इथे दाराजवळ एक तुटक रेघ आहे, गोलसर. चित्रकला शिकवता ना? सांगा ही काय आहे.’

ते पाव वर्तुळ होतं. बिजागरीच्या कोपऱ्यावर कर्कटकाचं टोक ठेवून काढावं तसं, भिंतीच्या आतल्या बाजूला. घराचा आराखडा काढणारा कुणीही दार कुठे फिरतं हे असंच दाखवतो. दार आत उघडत होतं. आणि त्या पाव वर्तुळाच्या आत ‘३’ हा आकडा होता. यादीत ३ म्हणजे पेटी. तिच्याशेजारी ‘४’, आणि यादीत चारपुढे एवढंच: ‘सारवलेल्या जमिनीवर ओरखडा, लांबी ८ इंच’.

वकिलांचा रोख मला तेव्हा कळला. पेटी दाराच्या फेऱ्यात होती. याचा अर्थ सकाळी घरच्यांनी दार ढकललं तेव्हा पेटी सरकली. जमादार पोचण्याआधी वस्तू आपल्या जागेवरून हलली होती. यातून पुढे काय निघतं हे न्यायाधीशांनी ठरवायचं. मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. जमादारांनी ‘दाराने पेटी सरकली’ असं लिहिलं नव्हतं. त्यांनी ओरखडा पाहिला होता, म्हणून ओरखडा काढला. तो कशाने पडला हे त्यांनी पाहिलं नव्हतं, म्हणून ते लिहिलं नाही. आणि पाच वर्षांनी, घरमालकाच्या बाजूने उभ्या असलेल्या त्या कागदाने आरोपीच्या वकिलालाही त्याचं सत्य दिलं. तो नकाशा कुणाच्याच बाजूचा नव्हता.

माझ्या देखण्या नकाशात ओरखडा नव्हताच. पेटी भिंतीला टेकलेली होती, कारण पेट्या भिंतीला टेकून ठेवतात. दार बाहेर उघडत होतं, कारण माझ्या खोलीचं दार बाहेर उघडायचं. अवघ्या काही तासांत मी पाहिलेलं विसरून माहीत असलेलं काढलं होतं.

एखादी लहानशी वस्तू कुठे होती यावर मोठा खटला कसा फिरतो, याचं आपल्या राज्यातलं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण नानावटी खटल्याचं. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना त्यांच्या घरी गोळ्या घातल्या. बचाव असा होता की झटापटीत रिव्हॉल्व्हर उडालं. पण आहुजा नुकतेच अंघोळ करून आले होते आणि कमरेला गुंडाळलेला टॉवेल शेवटपर्यंत जागेवरच होता. झटापटीत टॉवेल सुटला कसा नाही, हा प्रश्न वरच्या न्यायालयात निर्णायक प्रश्नांपैकी एक ठरला. टॉवेल जागेवर होता हे कुणीतरी त्या दिवशी पाहून लिहिलं होतं म्हणून तो प्रश्न विचारता आला.

नकाशात वस्तू बसवायची रीत आमच्या कर्तव्यभूमितीच्या पेपरातलीच आहे. खोलीत असाल तर दोन भिंतींपासून काटकोनात अंतर घ्या, काम झालं. मोकळ्यावर भिंती नसतात. तिथे न हलणाऱ्या दोन जागा निवडायच्या आणि त्या दोन्हींपासून वस्तूपर्यंत टेप धरायचा. कागदावर प्रत्येक जागेभोवती तेवढ्या अंतराचा कंस काढला की दोन कंस जिथे छेदतात तिथे वस्तू. दुसऱ्या बाजूलाही एक छेद मिळतो, पण तो रस्त्यापलीकडे किंवा भिंतीपलीकडे पडतो, आणि कुठला खरा हे नकाशाच सांगतो. एका जागेपासून एकच अंतर घेतलं तर वस्तू एका मोठ्या वर्तुळावर कुठेही असू शकते. ‘विहिरीपासून ४२ फूट’ एवढंच लिहिलेला पंचनामा म्हणजे विहिरीभोवती ४२ फुटांचा अख्खा गोल.

या न हलणाऱ्या जागा आमच्या वऱ्हाडात फार विचार करून निवडाव्या लागतात. तूर डिसेंबरात पुरुषभर उंच असते, जानेवारीत कापली की वावर उघडं पडतं. पऱ्हाटी उपटली जाते. कुटाराचा ढीग गुरं खातात. बाभूळ सरपणाला जाते. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि रोवलेला खुंट वाकडा करून टाकते. कुणी म्हणेल, धुरा तर आहे ना, पिढ्यान्पिढ्यांचा. पण गावातली किती तरी भांडणं धुऱ्यावरूनच पेटतात. ज्या धुऱ्यावर दोन भाऊबंद एकमेकांवर धावून गेले, तोच धुरा पंचनाम्यात हद्द म्हणून लिहिला आणि त्याच्यापासून अंतरं मोजली, तर नकाशा काढणाऱ्याने नकळत एका भावाच्या बाजूने निकाल दिला. म्हणून जाणता माणूस तिथे विहिरीचा कठडा धरतो, महावितरणच्या डीपीचा खांब धरतो, मारुतीच्या पाराचा कोपरा धरतो. हद्द कुठे आहे ते मोजणीवाल्याकडून मागवतो. ब्रिटिश काळात वऱ्हाडची मोजणी मुंबई पद्धतीने झाली. तिची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची, आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. लोकांच्या बोलण्यात शेताचं माप अजूनही त्याच गुंठ्यात आहे.

काळ्या मातीची आणखी एक अडचण आहे. सांडलेलं रक्त तिच्यात लवकर दिसेनासं होतं. लाल मातीवर, फरशीवर डाग ओरडून सांगतो. इथे वाळला की तो मातीचाच काळा होतो. म्हणून पंचनाम्यात नेहमी दोन पुड्या असतात, रक्तमिश्रित माती आणि साधी माती, वेगवेगळ्या सीलबंद केलेल्या. दुसरी पुडी तुलनेसाठी. ती माती नेमकी कुठून उचलली हे नकाशात नसेल, तर अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतून आलेला अहवाल कितीही पक्का असला तरी तो कुठल्या जागेबद्दल बोलतो हे सांगायला कागदावर जागाच उरत नाही.

शहरालगतचं चित्र वेगळं. मूर्तिजापूर हे जंक्शन. मुंबई–नागपूर–हावडा मार्गावर रुळांजवळ काही घडलं की जागा सांगणं तुलनेने सोपं, कारण विजेच्या तारांच्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि खांबाचा अनुक्रम रंगवलेला असतो. अमुक खांब ते तमुक खांब, अप की डाऊन, एवढं लिहिलं की देशातला कुठलाही रेल्वेवाला त्या जागी जाऊन उभा राहील. त्याच स्टेशनातून शकुंतला निघायची, एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला. १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. आज तिच्या रुळांवर बाभळी उगवल्या आहेत. कुठल्या जुन्या कागदात ‘नॅरोगेज रुळापासून ३० फूट’ असं लिहिलं असेल, तर आधी कुऱ्हाड घेऊन रूळ शोधावा लागेल.

महामार्गाचं तर काही विचारू नका. जून २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून आमच्या तालुक्यातल्या मान्यापर्यंत ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीजमध्ये त्याची नोंद झाली. आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. पण जुन्या डांबराच्या कडेपासून मोजून ठेवलेली अंतरं अशा कामात पुसली जातात. अपघाताच्या नकाशात म्हणून मोरी धरावी, किलोमीटरचा दगड धरावा, पुलाचा कठडा धरावा. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांत अपघातस्थळाचा नकाशा प्रमाणात काढावा, त्यात रस्त्याची रुंदी आणि वाहनांची जागा दाखवावी असं सांगितलं आहे. त्याच नकाशावर पुढे नुकसानभरपाईचा दावा चालतो. ट्रक रस्त्याच्या मधल्या रेषेच्या अलीकडे होता की पलीकडे, टायर घासल्याची खूण कुठे सुरू झाली, यावर मेलेल्या माणसाच्या बायकोला किती मिळणार ते ठरतं. तिच्या दृष्टीने त्या कागदात सुवाच्य अक्षराची जागा हुशारीच्याही आधी आहे.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं आणि सगळ्याचं चित्रीकरण व्हावं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६ सांगतं; त्याची पूर्ण तयारी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती आणि जप्तीचंही चित्रीकरण आलं. ठाण्याठाण्यांत आता मोबाइलवर ‘ई-साक्ष्य’ आहे. २०११ ची ती घरफोडी आज झाली असती तर रात्रीची घरफोडी म्हणून तिलाही हे कलम लागलं असतं. हे सगळं हवंच होतं आणि उशिरा आलं, असं माझं मत आहे. पंच फुटतात, पंच विसरतात. मी स्वतः विसरलो. व्हिडिओ विसरत नाही.

पण यामुळे कच्चा नकाशा आता उपचारापुरता उरला, असं जे ऐकू येतं ते मला मान्य नाही. मोबाइलचं भिंग रुंद असतं. दहा फुटांची खोली त्याच्यात पंधराची दिसते, आणि जवळची वस्तू फुगते. वीस मिनिटांच्या चित्रीकरणात सगळं असतं, म्हणूनच कशाकडे पाहायचं ते त्यात नसतं. नकाशा काढणाऱ्याला मात्र थांबावं लागतं. ओरखड्याजवळ वाकून टेप लावायला लागतो, आणि आठ इंच लिहिताना तो आठच आहे ना हे पुन्हा पाहायला लागतं. हाताने मोजलेली गोष्ट डोळ्यांनी दोनदा पाहिलेली असते. ठाण्यांत एक चांगला पोलादी टेप असावा (कापडी टेप ओढला की ताणला जातो), होकायंत्र असावं, चौकोनांचा कागद असावा. अकोल्याला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे येणाऱ्या पोरापोरींना आठवड्यातून एक तास समोर मांडलेली बादली काढायला लावली तर मी बसभाडंही न घेता शिकवायला जाईन.

उलटतपासणी संपल्यावर परतताना बसमध्ये मी चित्रवही उघडली आणि माझ्या नकाशाच्या कडेला लाल पेनाने दोन आकडे लिहून ठेवले. वकिलांनी ते कोर्टात दोनदा मोठ्याने वाचले होते: दाराच्या उंबरठ्याची उजवी कड, विहिरीच्या कठड्यापासून ४२ फूट, पाराच्या ईशान्य कोपऱ्यापासून ५८ फूट.

यंदा दसऱ्यानंतर त्या गावी गेलो. घर राहिलं नाही. त्या जागी स्लॅबचं नवं घर आहे, पुढे टाइल्सची ओसरी. विहिरीवर जाळी टाकली आहे, पण कठडा तोच, दगडी. पारही तोच, फक्त रंग बदलला. माझा एक जुना विद्यार्थी आता गावात दुकान चालवतो. त्याला विहिरीपाशी टेपचं शून्य धरायला सांगितलं आणि ४२ फुटांवर ओसरीच्या टाइल्सवर खडूने कंस काढला. मग तो पारापाशी गेला. ५८ फुटांचा कंस पहिल्याला तुळशीवृंदावनापासून वीतभर अंतरावर छेदून गेला.

ती म्हातारी अजून आहे. काठी टेकत बाहेर आली आणि टाइल्सवरच्या खडूच्या रेघा पाहून म्हणाली, ‘काय मोजता जी सर?’

‘आजी, तुमच्या जुन्या घराचं दार होतं ना, ते इथं होतं.’

तिने खाली पाहिलं, मग मान हलवली. ‘नाही जी. इथं कायचं दार? दार तं तिकडं होतं,’ असं म्हणत तिने काठी उचलून न्हाणीच्या बाजूला, पार दुसऱ्या भिंतीकडे दाखवलं.